वऱ्हाडच्या वाटेवर विमानातील कोणती जागा बरी?

प्रवासातील जागेचे महत्त्व वऱ्हाडी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. अमरावती एक्सप्रेसचे तिकीट निघाले की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘खालचा बर्थ मिळाला का?’ आजीला खालचा, नातवंडांना वरचा, दाराजवळचा कोणालाच नको, साइड लोअर दिवसा उत्तम पण रात्री उंच माणसाचे पाय आखडतात, हे सारे शास्त्र दोन-तीन पिढ्यांनी अनुभवातून जमविलेले आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ आता बंद पडली. पण त्या चिमुकल्या गाडीत खिडकीसाठी भावंडांशी भांडलेली माणसे आजही अकोल्यात घरोघरी आहेत.

विमानातील जागेचे शास्त्र मात्र आपल्याकडे अजून नवे आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ‘उडान’ योजनेतून अलायन्स एअरची मुंबई-अमरावती सेवा सुरू झाली. तोपर्यंत अकोलेकरांना विमानासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागे, आणि ही दोन्ही शहरे सुमारे अडीचशे किलोमीटरवर. आता शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर एक विमानतळ आला. त्यामुळे ज्यांनी कधी विमानाचा विचारही केला नव्हता अशी घरे, विशेषतः घरातील वडीलधारी मंडळी, या वाटेने येऊ-जाऊ लागली आहेत. तिकीट काढताना पडद्यावर आसनांचा नकाशा उमटतो. घाईघाईने पुढची एखादी जागा निवडली जाते, कधी तिच्यासाठी वेगळे पैसेही भरले जातात. पण पुढची जागा ती चांगली जागा, हा समज प्रत्येक विमानाला लागू पडत नाही. बेलोऱ्याच्या विमानाला तर तो जवळजवळ उलटाच लागू पडतो.

आधी विमान ओळखावे

मुंबई-अमरावती मार्गावर उडते ते एटीआर ७२ जातीचे विमान. फ्रान्स आणि इटली यांच्या संयुक्त उद्योगाने बनविलेले, दोन इंजिनांचे, बाहेर फिरणारे पंखे असलेले. साधारण सत्तर माणसे बसतात. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात. म्हणजे दोघांच्या मध्ये अवघडून बसण्याची जागा या विमानात नाहीच. प्रत्येकाला एक तर खिडकी नाही तर वाट मिळते. मोठ्या विमानांत ज्या मधल्या आसनाला सारे नाक मुरडतात, त्याची चिंता येथे संपली.

दुसरी गोष्ट दाराची. मोठ्या विमानात आपण पुढच्या दाराने चढतो, म्हणून पुढे बसलेला आधी उतरतो. एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागच्या टोकाला, डाव्या बाजूस असते. पुढच्या भागात सामानाची खोली असते. दारालाच जोडलेल्या मोजक्या पायऱ्या खाली उघडतात. त्यामुळे मागच्या रांगेतला प्रवासी चढताक्षणी बसतो आणि उतरताना सर्वांत आधी जमिनीवर पाय ठेवतो. हौसेने पहिल्या रांगा घेणाऱ्याला मात्र सगळी वाट चालत जावे लागते आणि उतरताना सगळ्यांच्या मागे थांबावे लागते. शौचालयही बहुधा मागेच असते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना वारंवार उठावे लागते, त्यांच्यासाठी मागच्या तीन-चार रांगा सोयीच्या. अगदी शेवटची रांग मात्र सहसा टाळावी; तिची पाठ फारशी कलत नाही आणि शौचालयापाशी ये-जा चालू राहते. शेवटून दुसरी किंवा तिसरी रांग घेतली की दोन्ही गोष्टी साधतात.

तिसरी गोष्ट आवाजाची. इंजिने पंखांवर असतात आणि त्यांचे फिरते पाते पंखांच्या पुढे असते. पात्याच्या रेषेत येणाऱ्या, म्हणजे मध्याच्या जरा पुढच्या रांगांना घरघर आणि बारीक थरथर अधिक जाणवते. जसजसे मागे जावे तसतसा आवाज उतरतो. कानाला यंत्र लावणाऱ्या वृद्धांना आणि तान्ह्या बाळाच्या आईला हा फरक चांगलाच कळतो.

चौथी गोष्ट हिंदकळण्याची. विमान हवेत डोलते ते साधारण पंखांच्या जवळच्या मध्यबिंदूभोवती. लहान मुलांच्या पाळण्यासारखी पाटी मनात आणावी. मधोमध बसलेल्याला हेलकावा कमी, टोकावर बसलेल्याला अधिक. वऱ्हाडात चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, काळी जमीन तापते आणि दुपारी गरम हवेचे लोट वर उठतात. एटीआर मोठ्या जेट विमानांपेक्षा कमी उंचीवरून उडते. त्याची कमाल मर्यादा २५,००० फूट. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी त्याला हे लोट अधिक जाणवतात. ज्यांना एस. टी.च्या घाटात मळमळते त्यांनी पंखांच्या लगेच मागची जागा घ्यावी. तेथे आवाज पात्याजवळच्या रांगांपेक्षा कमी आणि हेलकावा शेपटीपेक्षा कमी. निवड असेल तर उन्हाळ्यात सकाळचे विमान पाहावे.

खिडकी डावी की उजवी?

एटीआरचे पंख प्रवाशांच्या डोक्यावर असतात. मोठ्या विमानात मधल्या रांगांना खिडकीतून पंखाचा पत्राच दिसतो. येथे पंख दृष्टीच्या वर राहतो आणि खालची जमीन मोकळी दिसते. इंजिनाजवळच्या काही खिडक्यांत फक्त इंजिनाचे कवच आडवे येते. त्यातही मागच्या खिडक्या सरस ठरतात.

मुंबईहून अमरावती पूर्वेकडे, किंचित उत्तरेला आहे. म्हणून येताना डावी खिडकी उत्तरेची आणि उजवी दक्षिणेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. येताना उजवीकडे ऊन आणि डावीकडे सावली, परतताना याच्या उलट. ऐन उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असल्याने फरक कमी होतो. डोळ्यांचे ऑपरेशन झालेल्यांनी आणि उन्हाने डोके चढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. संध्याकाळी मुंबईकडे जाणारे विमान असेल तर सूर्य जवळजवळ समोर मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांनी विमानात काही मिळेल या भरवशावर न राहता निघण्यापूर्वीच जेवून घेणे बरे. पावणेदोन तासांच्या प्रवासात चढणे, स्थिर होणे आणि उतरणे यांतच बराच वेळ जातो.

नकाशावर मुंबई आणि बेलोरा यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती सुमारे साडेपाचशे किलोमीटरची भरते. ही रेघ कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून सह्याद्री ओलांडते, वेरूळच्या आसपासून जाते, बुलढाण्याच्या पठारावरून सरकते आणि चक्क अकोल्याजवळून पुढे जाते. विमान अगदी या रेघेवरूनच उडते असे नाही. हवा आणि नियंत्रण कक्षाच्या सूचना यांनुसार ते डावे-उजवे होते. पण कोणत्या खिडकीत कोणता मुलूख येईल याचा अंदाज या रेघेवरून बांधता येतो.

डावीकडे, म्हणजे उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगा, त्यांच्या पलीकडे पूर्णेचे खोरे आणि त्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर सातपुड्याची निळी कड. त्याच कडेला, गाविलगडाच्या पूर्वेच्या अंगाला, मुक्तागिरी. उजवीकडे, दक्षिणेला, बालाघाटाचे पठार. त्या अंगाला वाशिम जिल्ह्यातले शिरपूर, जेथे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत, आणि त्याच जिल्ह्यातले कारंजा. ही क्षेत्रे विमानातून ओळखू येतील असे नव्हे. पण आपल्या वडिलांनी बैलगाडीने, मग शकुंतलेने, मग एस. टी.ने जोडलेली ही ठिकाणे एकाच रेघेच्या दोन हातांना आहेत, एवढे कळले तरी खिडकीचा काच वेगळा वाटू लागतो. जुने लोक वऱ्हाडचे मेळघाट, पायनघाट आणि बालाघाट असे तीन भाग सांगत. भूगोलाच्या पुस्तकात ते पाठ करावे लागत. विमान पठारावरून पूर्णेच्या सपाट खोऱ्यात उतरू लागते तेव्हा बालाघाट संपून पायनघाट कोठे सुरू झाला हे डोळ्यांना दिसते.

आत्याबाईंची जागा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या आत्याबाईंना मुंबईहून अकोल्यास आणण्याचे ठरले. वय ७८, दोन्ही गुडघे झिजलेले. अकोल्यात त्यांची एकुलती धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. रात्रभराचा रेल्वे प्रवास डॉक्टरांनी नको म्हटले होते, म्हणून सहा वर्षे त्या माहेरी आल्या नव्हत्या. दोघी रोज फोनवर बोलत. पण अलीकडे धाकटीचे बोलणे तुटक होऊ लागले होते. उशीर करून चालणार नव्हता.

घरात जागेवरून बराच खल झाला. आत्याबाईंच्या मुलाने जास्तीचे पैसे भरून पहिल्या रांगेची तयारी केली होती. आईसाठी उत्तम ते घ्यावे, ही त्याची भावना. विमान कोणते आहे, दार कोठे आहे हे त्याला समजावून सांगितले, तेव्हा त्याने शेवटून तिसरी रांग घेतली. त्यातही प्रश्न उरला, वाटेकडची की खिडकीची? उठण्या-बसण्याला वाटेकडची सोपी, म्हणून ती आत्याबाईंना आणि खिडकी मला, असे ठरले.

विमानतळावर व्हीलचेअर मिळाली. पायऱ्यांपाशी एका कर्मचारी मुलीने हात दिला. चार-पाच पायऱ्या, मग तीन पावले, की आमची रांग. आत्याबाई म्हणाल्या, “एवढंच? मी तर जिन्याच्या धास्तीनं रात्रभर झोपले नाही.”

विमान स्थिर झाल्यावर त्यांची मान सारखी माझ्या पलीकडे वळू लागली. मी विचारले, “आत्याबाई, खिडकीपाशी बसता का?”

“नको रे बाळा. मले कायले पाहिजे खिडकी? तू पाय.”

मुंबईत ५० वर्षे काढलेल्या आत्याबाईंच्या तोंडी इतक्या वर्षांनी वऱ्हाडी आली, यावरूनच मी काय ते ओळखले. आम्ही जागा बदलली. खाली उतरणे सुरू झाले तेव्हा उजवीकडे पाण्याचा मोठा पसारा चमकला. दिशेवरून तो महानजवळचा काटेपूर्णेचा जलाशय असावा. त्यांच्या वडिलांचे शेत बार्शीटाकळीच्या वाटेवर होते. ते केव्हाच विकले गेले. त्या काचेला कपाळ लावून पाहत राहिल्या. तुरीचे पट्टे, उघडी काळी रानं, मधूनच एखाद्या गावाची पांढरी वस्ती. “हे सगळं खाली आहे आणि शांती तिथंच निजलेली आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

विमान थांबल्यावर इतर प्रवासी वाटेत उभे राहण्याआधीच आम्ही दाराशी होतो. संध्याकाळपर्यंत दोघी बहिणी एका खाटेवर बसून पाणी पीत होत्या. धाकटीने ओळखले; नावाने हाक मारली. पुढे दोनच महिन्यांनी ती गेली.

त्या प्रवासाने मला एक गोष्ट स्पष्ट केली. आसनांच्या नकाशावर सर्वांसाठी उत्तम अशी जागा नसते. कोणासोबत कोण आहे, त्याला काय झेपत नाही आणि त्याला काय हवे आहे पण तो मागत नाही, हे विचारात घेतल्यावर जी उरते ती जागा. वाटेकडची जागा गुडघ्यांसाठी योग्य होती. खिडकी त्या माणसासाठी. दोन आसने शेजारी घेतली होती म्हणून दोन्ही साधले. वृद्धांबरोबर जाताना शेजारच्या जोडजागा घ्याव्यात, म्हणजे प्रवासात बदल करता येतो.

कुटुंबासाठी काही व्यावहारिक गोष्टी

मुलांच्या जागेसाठी वेगळे पैसे भरावेच लागतात असा अनेकांचा समज आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितले आहे की, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारची जागा द्यावी. म्हणून मुलांचे तिकीट वेगळे काढू नये, आपल्याच तिकिटात जोडावे. वेब चेक-इन सुरू होताच ते उरकावे. उशीर झाला की उरलेल्या सुट्या जागाच वाट्याला येतात.

संकटकालीन दाराजवळची रांग पाय पसरायला मोकळी वाटते, म्हणून काही जण ती वृद्धांसाठी मागतात. ती वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मदतीची गरज असलेले प्रवासी यांना दिली जात नाही, कारण प्रसंगी त्या दारापाशी बसलेल्यानेच ते उघडायचे असते. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. विमानतळावर पोहोचून करू नये. एटीआरमधील डोक्यावरचे कप्पे लहान असतात, तेव्हा मोठी चाकांची बॅग सरळ सामानात द्यावी. औषधे, चष्मा आणि पाण्याची बाटली छोट्या पिशवीत पायांपाशी ठेवावी.

नागपूरमार्गे जाणाऱ्यांना बहुधा मोठे जेट विमान मिळते. तेथे हिशेब वेगळा. एका बाजूला तीन आसने, पंख खाली, आणि उतरण्याचे मुख्य दार बहुतेक वेळा पुढे. तेथे गुडघेदुखी असणाऱ्याने पुढच्या रांगांतील वाटेकडची जागा घ्यावी. हेलकाव्याला भिणाऱ्याने पंखाजवळ बसावे. तेथे खिडकीतून पंखच दिसणार हे धरून चालावे. जमीन पाहायची असेल तर पंखाच्या बरेच पुढे किंवा बरेच मागे. वयस्क जोडप्याने एकाच रांगेत वाटेच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन जागा घेतल्या तर दोघांनाही उठणे सोपे जाते आणि हातात हात राहतो. फेऱ्यांचे दिवस, वेळा आणि कधी विमानाची जातही बदलते. म्हणून जागा निवडण्यापूर्वी तिकिटावर विमानाचे नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी.

शिवणीची धावपट्टी

अकोलेकर प्रवाशाला या प्रवासात एक गंमत आणि एक खंत सोबत असते. तो आपल्या गावाजवळून आकाशातून पुढे जातो, बेलोऱ्याला उतरतो आणि तेवढेच अंतर रस्त्याने मागे येतो. तो रस्ता चांगला आहे. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. तरीही दुखऱ्या गुडघ्यांना तो दीड-दोन तासांचाच.

अकोल्याला स्वतःचा विमानतळ नाही असे नव्हे. शहरालगत शिवणीची धावपट्टी १९४३ पासून आहे, म्हणजे स्वातंत्र्याहून जुनी. ती सुमारे १,४०० मीटरची. बेलोऱ्याची वाढवून १,८५० मीटर केली गेली. शिवणीची लांबी वाढवायची तर शेजारच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि हा विषय अनेक वर्षे चर्चेत आहे. विद्यापीठाच्या जमिनीचेही मोल आहे. तेथे याच काळ्या मातीतल्या कापसावर आणि तुरीवर संशोधन होते. तोडगा निघेल तेव्हा निघेल. तो निघाला तर अकोल्यातील वृद्धांसाठी जागेपेक्षाही मोठी सोय होईल.

तोवर बेलोऱ्याचे तिकीट काढताना तीन प्रश्न घरात विचारावेत. दार कोठे आहे? ऊन कोठून येणार? आणि बरोबर येणाऱ्यांपैकी कोणाला काय झेपत नाही? मग वाटल्यास पुढची जागा सोडून मागची घ्यावी. मुक्तागिरीच्या किंवा शिरपूरच्या यात्रेसाठी मुंबईहून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही हे सांगावे. आणि घरातले वडीलधारे माणूस ‘मला खिडकी नको’ म्हणाले, तर निदान एकदा पुन्हा विचारावे.